चिनी वैद्यांचीं अजीर्णावरील औषधें

पंगत उठल्यावर पोट तट्ट फुगलें व आंबट ढेकर येऊं लागले, म्हणजे आपल्या घरीं ओवा, सुंठ किंवा पादेलोण यांची शोधाशोध सुरू होते. चीन देशांतही नववर्षाच्या मेजवान्यांनंतर हीच स्थिति होते. तेथील वैद्यकांत या विकारास जें नांव आहे त्याचा अर्थ 'अन्न सांचणें' असा आहे. खाल्लेलें पुढें न सरकतां जठरांत अडून राहिलें, अशी त्यामागील कल्पना.

या वैद्यांची एक रीत आम्हांस विशेष लक्षांत घेण्याजोगी वाटते. अजीर्ण झालें एवढें ऐकून ते थांबत नाहींत. काय खाल्लें हें विचारतात, व त्याप्रमाणें औषध निवडतात. धान्य अधिक झालें असल्यास मोड आणून वाळविलेले सातूचे दाणे. पिठाचे पदार्थ बाधले असल्यास मुळ्याचें बीं. मद्य व शिळें अन्न यांवर गव्हाचें पीठ, कोंडा, एक तांबडें कडधान्य व कांहीं वनस्पती एकत्र आंबवून केलेल्या वड्या. आणि मांस व चरबी यांवर शान-चा नांवाचें फळ.

हें फळ बोराएवढें, तांबडें व आंबट असतें. पेकिंग शहरांत हिवाळ्यांत तीं फळें काडीवर ओवून, साखरेच्या पाकांत बुडवून विकतात. मुलें औषध म्हणून तीं खात नाहींत हें सांगणें नकोच. ली शी-चन (1518–1593) या थोर वैद्याचा औषधिग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1596 सालीं नानकिंग येथें छापून झाला. त्यांत तो सांगतो कीं, जून कोंबडी शिजत नसेल तर भांड्यांत हीं कांहीं फळें टाकावीं, म्हणजे मांस लवकर मऊ होतें. आणि त्यावरून पोटांतील मांसावरही त्यांचा गुण यावा, असें तो अनुमान काढतो. आपल्याकडे कच्ची पपई मांसांत घालतात तीही मऊपणासाठींच. निरीक्षण मार्मिक आहे, परंतु अनुमान तितकें पक्कें नाहीं. जठरांत तीव्र आम्ल आधींच असतें. चुलीवरचें भांडें व पोट यांचा न्याय एक नव्हे.

चू तान-शी (1281–1358) याच्या नांवावर चालत आलेली 'मेळ राखणारी गोळी' आजही विकली जाते. तींत सात द्रव्यें असून शान-चाचा भाग सर्वांत मोठा असतो. वाळलेली संत्र्याची साल व मुळ्याचें बीं यांबरोबर सुरणाच्या कुळांतील एक कंदही तींत पडतो. तो कच्चा विषारी असल्यामुळें आल्याबरोबर शुद्ध करून घ्यावा लागतो. म्हणून वनस्पतीचें तें सारें निरुपद्रवी, असा समज कोणी करून घेऊं नये. मोडाचे सातू आईचें दूध आटविण्यासाठींही चिनी वैद्य देतात, तेव्हां अंगावर पाजणाऱ्या मातेनें ते टाळावे. शान-चाचीं फळें रिकाम्या पोटीं पुष्कळ खाल्ल्यास पोटांत दगडासारखा गोळा बनल्याचीं उदाहरणें आहेत. आणि छातींत कळ, वारंवार वांती किंवा काळा शौच ही अजीर्णाची गोष्ट नव्हे. तेथें घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ डॉक्टरांस बोलवावें.

आतां सातूंविषयीं. 1833 सालीं पायें व पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं मोड आलेल्या सातूंतून पिष्टाची साखर करणारें द्रव्य वेगळें काढलें. त्यास डायास्टेस म्हणतात. म्हणजे सातूंची धान्याशीं घातलेली सांगड अगदींच निराधार नव्हती. मात्र चिनी औषधविक्रेते हे दाणे पुष्कळदां करपेपर्यंत भाजतात, आणि त्या उष्णतेनें डायास्टेस नष्ट होतें. भाजलेल्या दाण्यांनीं कोणास बरें वाटत असेल, तर त्याचें कारण दुसरें शोधलें पाहिजे. शिवाय निरोगी शरीरांत असें द्रव्य मुबलक असतें. अति खाल्ल्याची पीडा मुख्यतः जठर ताणल्यामुळें व स्निग्ध अन्न त्यांतून सावकाश बाहेर पडत असल्यामुळें होते.

विद्यार्थ्यांनीं हें स्वतः पाहावें. तीन परीक्षानळ्यांत तांदळाची पातळ, कोमट कांजी घ्या. पहिलींत मोडाचे सातू ठेंचून काढलेलें पाणी घाला, दुसरींत करपविलेल्या सातूंचें, तिसरींत नुसतें पाणी. अर्ध्या तासानें प्रत्येकींत आयोडीनचा एक थेंब टाका. दुसरी व तिसरी नळी निळी होईल. पहिली होणार नाहीं.