आपल्या ताटातील रंग आणि रसायने : ओळख व दक्षता

भिवंडी हे कापडाचे गाव. माग, सायझिंग आणि रंगाईच्या कामावर येथील अनेक घरे चालतात. कापडाला चढणारा रंग आणि जिलेबीला चढणारा रंग दिसायला सारखाच असू शकतो. पण एक अंगावर घालण्यासाठी असतो, तर दुसरा पोटात जातो. हा फरक विद्यार्थ्यांना व गृहिणींना समजावा, म्हणून हा लेखप्रपंच.

ॲडिटिव्ह म्हणजे काय?

जो पदार्थ एरवी अन्न म्हणून खाल्ला जात नाही, परंतु विशिष्ट कामासाठी अन्नात मुद्दाम घातला जातो, त्यास फूड ॲडिटिव्ह म्हणतात. ही काही आजची गोष्ट नव्हे. पापडातला पापडखार आणि ढोकळ्यातला सोडा आपल्या आजीलाही ठाऊक होता. म्हणून 'केमिकल' या शब्दानेच घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रश्न तीनच विचारावेत : कोणते द्रव्य? किती? आणि कशात?

प्रकार व उपयोग

१) टिकवणारी द्रव्ये : सॉस व सरबतात सोडियम बेंझोएट (२११), पावात कॅल्शियम प्रोपिओनेट (२८२). पावसाळ्यात पावाला लवकर बुरशी येते, ती यामुळे लांबते.

२) रंग देणारी द्रव्ये : टार्ट्राझिन (१०२), सनसेट यलो (११०) इत्यादी. आपल्या देशात ८ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांतच.

३) चव व गोडी आणणारी द्रव्ये : मोनोसोडियम ग्लुटामेट (६२१), ॲस्पार्टेम (९५१).

४) एकजीव करणारी द्रव्ये : चॉकलेटमधील लेसिथिन (३२२). तेल व पाणी वेगळे होऊ न देणे हे अशा द्रव्यांचे काम.

५) आंबटपणा आणणारी द्रव्ये : सायट्रिक ॲसिड (३३०). लिंबात निसर्गतःच असणारे हे द्रव्य आहे.

कंसातील आकडे आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत. पाकिटावर नाव नसले तरी क्रमांकावरून द्रव्य ओळखता येते.

सुरक्षितता कशी ठरते?

प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेपर्यंत अपाय आढळत नाही, ती मात्रा काढतात. तिला सामान्यतः १०० ने भागून माणसाने आयुष्यभर रोज घेतली तरी चालेल अशी मर्यादा ठरवतात. हे काम जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांची संयुक्त तज्ज्ञ समिती १९५६ पासून करीत आहे.

आता थोडा हिशेब करू. मिठाईत परवानगी असलेल्या कृत्रिम रंगाची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे १० किलो बुंदीला शुद्ध रंग अवघा १ ग्रॅम! सनसेट यलोची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला ४ मिलिग्रॅम. १५ किलो वजनाच्या मुलाला ती ६० मिलिग्रॅम होते. नियमाप्रमाणे रंगवलेली बुंदी त्याने ६०० ग्रॅम खाल्ली तर ही मर्यादा गाठली जाईल. परंतु कारागिराने अंदाजाने ५ ग्रॅम रंग टाकला, तर १२० ग्रॅम बुंदीतच, म्हणजे तीन-चार लाडवांत, ती गाठली जाते. एखाद्या दिवशी असे झाले म्हणून विषबाधा होत नाही. पण रोज थंड पेय, गोळ्या व रंगीत कुरकुरीत पदार्थ खाणाऱ्या मुलाची बेरीज वाढतच जाते. युरोपात २०१० पासून वरील दोन्ही रंगांसह ६ रंग असलेल्या पदार्थांवर मुलांच्या चंचलतेविषयी व एकाग्रतेविषयी इशारा छापणे सक्तीचे आहे.

नियमही नव्या माहितीनुसार बदलतात. पाव फुगवण्यासाठी पिठात वापरला जाणारा पोटॅशियम ब्रोमेट पूर्वी आपल्याकडे चालत असे. कर्करोगाच्या शंकेमुळे २०१६ मध्ये त्यावर बंदी आली.

खरा धोका कोठे आहे?

ज्यांना मुळीच परवानगी नाही असे रंग हा खरा धोका होय. मेटॅनिल यलो आणि ऱ्होडामिन-बी हे कापड, कागद, कातडे अशा वस्तू रंगवण्याचे रंग आहेत. ते स्वस्त व भडक असल्याने हळद, डाळ, मिठाई आणि 'बुड्ढी के बाल' यांत घातले जातात. २०२४ च्या आरंभी गोव्यातील म्हापसा नगरपालिकेने कृत्रिम रंग व अस्वच्छतेच्या कारणावरून गोबी मंचुरियनच्या विक्रीवर बंदी घातली. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांना आणि 'बुड्ढी के बाल'मधील ऱ्होडामिन-बीला मनाई केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाकिटबंद माल घेणाऱ्याला निदान वाचायला काही मिळते. गाडीवरचे खाऊन पाळीला जाणाऱ्या कामगाराला आणि एक-दोन रुपयांची सुटी गोळी घेणाऱ्या मुलाला तेही मिळत नाही. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा कमी, त्याच्याच पोटात निनावी रंग अधिक.

आपण काय करावे?

१) पाकिटावरील घटक, तारीख व १४ अंकी परवाना क्रमांक वाचावा. मुलांनाही वाचायला लावावे.

२) ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकावी. शुद्ध हळद फिकट रंग सोडून तळाशी बसते. रंग मिसळलेली हळद पाणी गडद पिवळे करते. हिरवा वाटाणा अर्धा तास पाण्यात ठेवावा. पाणी हिरवे झाल्यास तो रंगवलेला समजावा. मात्र घरच्या परीक्षेत सर्वच भेसळ पकडली जात नाही.

३) अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा होता. त्याच्या जागी अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ आला व ५ ऑगस्ट २०११ पासून तो प्रत्यक्षात लागू झाला. त्याच्या कलम ४० नुसार सामान्य ग्राहकही, विकत घेतानाच विक्रेत्याला तसे सांगून आणि शुल्क भरून, पदार्थ तपासून घेऊ शकतो. पदार्थ सदोष ठरल्यास शुल्क परत मिळते. शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

४) जयंती, लग्नकार्य वा सभासंमेलनासाठी मिठाई सांगताना 'रंग नको' असे स्पष्ट सांगावे. रंग न घातल्याने खर्च वाढत नाही, चवही कमी होत नाही.

शेकडो मुलांच्या हाती पडणारा लाडू थोडा फिका दिसला तरी चालेल. तो निर्धोक असला पाहिजे. एवढी सवय प्रत्येक घराने व मंडळाने लावून घेतली, तर हलवाईही आपोआप रंगाचा डबा दूर ठेवील.