निष्काम सेवा

तहान लागल्यावर विहीर खणावयास घेणारा मनुष्य तहानलेलाच राहतो, असे आपले वाडवडील सांगत आले. पाण्याविषयी जे खरे, तेच संकटाविषयीही खरे होय.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. चारच्या सुमारास भूमी हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आसपासच्या गावांतील दगडमातीची घरे क्षणार्धात कोसळली. हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गाडली गेली. पुढे लष्कराचे जवान साह्यास धावून आले. परंतु ढिगाऱ्यास पहिला हात लावला तो वाचलेल्या गावकऱ्यांनीच.

संकटाच्या पहिल्या घटकेस शेजारीच उपयोगी पडतो. मात्र केवळ दयाळू मन पुरे होत नाही. मणका दुखावलेल्या माणसास हातपाय धरून उचलले, तर त्याची इजा वाढते. पेटलेल्या तेलावर पाणी ओतले, तर आग अधिकच भडकते. मायेला शिक्षणाची जोड नसेल, तर उपकाराचा अपकार होतो.

शेजाऱ्याची माया आणि शिपायाची शिस्त यांचा मेळ घालणारी एक संघटना आपल्या राज्यात आहे. ती म्हणजे होमगार्ड, अर्थात गृहरक्षक दल. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटनमध्ये नागरिकांचे याच नावाचे दल उभे राहिले होते. आपल्याकडे दंगलींनी अशांत झालेल्या काळात, ६ डिसेंबर १९४६ रोजी, मुंबई प्रांतात या दलाची स्थापना झाली. प्रांताचे तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई यांचा त्यात पुढाकार होता. पोलिसांना साह्य करणारे नागरिकांचे स्वयंसेवी दल असावे, हा त्यामागील हेतू. १९६२ साली चीनने आक्रमण केले, तेव्हा अशा दलाची निकड साऱ्या देशास पटली आणि इतर राज्यांतील स्वयंसेवी दलेही याच धर्तीवर आणण्यात आली.

या दलात शेतकरी, कारागीर, दुकानदार असे नाना व्यवसायांचे लोक असतात, स्त्रियाही असतात. आपापला उद्योग सांभाळून ते कवायत करतात, प्रथमोपचार शिकतात, आग विझविण्याचा व अडकलेल्यांना सोडविण्याचा सराव करतात. निवडणूक असो, गणेशोत्सव असो वा पंढरीची वारी असो, बंदोबस्तास ते पोलिसांच्या खांद्यास खांदा लावून उभे राहतात. कामाच्या दिवसांचे मानधन त्यांना मिळते. पण दलाचे ब्रीद आहे ‘निष्काम सेवा’.

दूरच्या जवानापाशी नसलेली एक गोष्ट या स्वयंसेवकापाशी असते. कोणत्या घरात अंथरुणास खिळलेले आजोबा आहेत, ओढ्यास पूर आल्यावर कोणती वाट बंद होते, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. ते गाव त्याचेच असते.

मुलांनो, दलात दाखल होण्यास तुम्हांस अजून अवकाश आहे. परंतु जखमेवर पट्टी बांधणे, दोराची पक्की गाठ मारणे आणि गोंधळ न करता रांगेने बाहेर पडणे, हे आजच शिकता येईल. विहीर खणावयाची ती तहान लागण्यापूर्वीच.

अभ्यास

१. केवळ दयाळू मन संकटात पुरे का पडत नाही? पाठातील उदाहरणे देऊन सांगा.
२. गावातील स्वयंसेवकाचा कोणता विशेष लेखकाने सांगितला आहे?
३. ‘खांद्यास खांदा लावणे’ हा वाक्प्रचार वापरून वाक्य बनवा.