‘यस सर’ म्हणण्याआधी

दहावीनंतर जहाजावर जायचं म्हणणारी मुलं आता मेहकर, चिखली, नांदुऱ्याकडच्या गावांतही भेटतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात खाऱ्या पाण्याचं सरोवर म्हणजे एक लोणारचं. त्यामुळे घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, पोराला पोहता येतं ना? माझा प्रश्न वेगळा असतो. जीव धोक्यात असताना इंग्रजी हुकूम कानावर पडताच त्याला कळेल का? आणि स्वतःचं दुखणं त्याला दोन वाक्यांत सांगता येईल का?

खलाशी होण्यासाठीच्या जीपी रेटिंगच्या कोर्सला दहावीत इंग्रजीला किमान 40 टक्के लागतात. तेवढे आपली मुलं मिळवतात. पण ते मार्क लिहिण्याचे. जहाजावर कॅप्टन एका देशाचा, बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दुसऱ्या, प्रत्येकाचे उच्चार निराळे आणि त्यात इंजिनाची घरघर.

मी जहाजावर होतो तेव्हा माझ्यासोबत डेकवर आपल्याच भागातला एक मुलगा होता. कामाला वाघ. भर समुद्रात जहाज हेलकावे खात असताना लोखंडी दार त्याच्या हातावर आदळलं. मालवाहू जहाजावर सहसा डॉक्टर नसतो. औषधोपचार बहुधा सेकंड ऑफिसर बघतो आणि गरज पडली तर किनाऱ्यावरच्या डॉक्टरला विचारतो. सेकंड ऑफिसरने प्रश्न विचारले: बोटांना स्पर्श कळतो का? सगळी बोटं हलतात का? कुठल्या औषधाची अॅलर्जी? प्रत्येक प्रश्नाला मुलाचं उत्तर एकच, ‘यस सर’. शाळेत, कचेरीत, मोठ्या माणसासमोर आपल्याला हेच वळण लागलेलं असतं. ‘कळलं नाही’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. स्पर्श कळतोय, असंच डॉक्टरला सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी एक बोट काळंनिळं पडलं. मला बोलावलं, मी मराठीत विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “त्या बोटाला पहिल्यापासूनच काही समजत नव्हतं, दादा.” बंदरात पोहोचल्यावर त्या बोटाचं पेर काढावं लागलं. ‘आय कॅनॉट फील धिस फिंगर’ एवढं वाक्य त्याला हवं होतं.

भाषा न कळल्याने याहून मोठे घात झाले आहेत. एप्रिल 1990 मध्ये नॉर्वेहून डेन्मार्ककडे निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ जहाजाला आग लागली आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. बरेच खलाशी नवखे होते, त्यांना प्रवाशांची भाषा येत नव्हती. पुढे 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजावर बोलायची ठरावीक इंग्रजी वाक्यं मंजूर केली. आपल्या मुलांसाठी ती फार सोयीची आहेत, कारण त्यांत व्याकरणाचा डौल नाही. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’. पंधरा म्हणजे ‘वन-फाइव्ह’ आणि पन्नास म्हणजे ‘फाइव्ह-झीरो’, म्हणजे गफलत होत नाही. हुकूम मिळाला की तो मोठ्याने परत म्हणायचा. जहाज किंवा माणसाचा जीव तातडीच्या संकटात असेल तर व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल 16 वर तीनदा ‘मेडे’. त्याखालच्या तातडीला ‘पॅन-पॅन’, तेही तीनदा. भोंग्याचे सात किंवा जास्त छोटे आवाज आणि मग एक लांब, की लाइफजॅकेट घेऊन मस्टर स्टेशन, म्हणजे जमायची ठरलेली जागा, गाठायचं.

विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्या मुलांना एक खास सांगतो. लाइफजॅकेट अंगात असताना थंड पाण्यात उगाच हातपाय मारू नका, अंगातली ऊब लवकर जाते. गुडघे छातीशी घ्या, एकमेकांना बिलगून राहा. ‘स्टे टुगेदर’ हा हुकूम त्यासाठीच असतो. कितीही तहान लागली तरी समुद्राचं पाणी पिऊ नका. दुसरी गोष्ट बंद टाक्यांची. विहिरीतला गॅस आपल्याला ठाऊक आहे. मोटर काढायला उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. जहाजाच्या बंद टाक्यांत नेमकं हेच होतं. ‘डू नॉट एंटर, रेज द अलार्म’ हे ऐकलं की जागीच थांबायचं, आत पडलेला सख्खा मित्र असला तरी.

दुखण्याचे इंग्रजी शब्द नुसते वहीत उतरवून पाठ करू नका. अंगाला हात लावून मोठ्याने म्हणा: डिझी, नंब, ब्लीडिंग, स्वेलिंग, बर्न, कॅनॉट ब्रीद. कुठे दुखतं, केव्हापासून, किती, आधी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठलं, हे स्वतःपुरतं इंग्रजीत पक्कं करा. शेतात थ्रेशर चालू असताना भावाला लांबून हुकूम ओरडायला लावा आणि तुम्ही तो परत ओरडा. गाडीचा नंबर एकेक आकडा सुटा करून म्हणा. जीव वाचवण्याचं आणि प्राथमिक उपचारांचं शिक्षण समुद्रावर जाण्याआधी सक्तीचं आहे. वर्गात न बसता प्रमाणपत्र देतो म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा.

आणि जिल्ह्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना विनंती आहे. आठवड्यातला एक तास फळा-खडू बाजूला ठेवून मुलांना नुसतं बोलू द्या. त्या तासाला ‘सर, मला कळलं नाही, पुन्हा सांगा’ हे इंग्रजीत म्हणणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर शाबासकी द्या.