जोडीनं शिकव

तू आता विज्ञानाच्या तासाला उभी राहणार म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो. अधिवास, अनुकूलन, सहजीवन, परिसंस्था हे शब्द पोरं दोन दिवसांत पाठ करतात. अनुकूलनाचं उदाहरण विचारलं की ध्रुवीय अस्वलही झटकन येतं. आपल्या माळावरच्या टिटवीचं विचारलं की वर्ग गप्प होतो. मी नोकरीभर एक पद्धत धरली होती. कुठलाही शब्द एकटा शिकवायचा नाही. त्याची ज्याच्याशी गल्लत होते, त्यालाही त्याच तासाला शेजारी आणून बसवायचं, आणि दोघांना उदाहरण द्यायचं ते सोलापूर जिल्ह्यातलंच.

टिटवीपासूनच सुरू कर. ऐन उन्हाळ्यात ती उघड्या मुरमावर अंडी घालते. घरटं असं नसतंच, चार खडे गोळा केले की झालं. अंडी इतकी खड्यांसारखी की पायाखाली येतील तरी कळणार नाही. ऊन चढलं की ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. अंड्यांचा रंग हे अनुकूलन, आणि पोट भिजवणं हेही अनुकूलनच, फक्त वागण्यातलं. आता शेजारी कोण? कोल्हापूरहून एप्रिलमध्ये सोलापुरात आलेली नवी सून. पहिल्या आठवड्यात तिचं डोकं उठतं, दोन-तीन आठवड्यांत अंग सरावतं. ते एका शरीराचं सरावणं झालं, ते तिच्या पोरांत उतरत नाही. टिटवीच्या अंड्यांचा रंग उतरतो. आणखी एक सांभाळ. ‘शत्रूपासून वाचण्यासाठी टिटवीनं अंडी ठिपक्यांची केली’ असं फळ्यावर लिहू नकोस. तिनं काही ठरवलेलं नाही. ज्यांची अंडी उठून दिसली ती खाल्ली गेली, ज्यांची दिसली नाहीत त्यांचा वंश पुढे चालला, आणि हे हजारो पिढ्या होत राहिलं. पाठ्यपुस्तकं लिहिणारेसुद्धा इथं घसरतात.

पोरांना माळावर नेलंस आणि टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली, तर सगळ्यांना मागे फिरव. अंडी शोधत थांबायचं नाही. आपण तिथं उभे राहिलो तर ती अंड्यांवर येत नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात उघडी अंडी फार वेळ टिकत नाहीत.

अधिवास शिकवायला सिद्धेश्वर तलाव पुरे. वंचक काठावर दगडासारखा उभा. शेकाट्या लांब लालसर पायांनी उथळ पाण्यात चालतोय. खंड्या फांदीवरून किंवा तारेवरून सूर मारतो, पाणकावळा बुडी मारून आतल्या आत माशामागे पोहतो. हिवाळ्यात आलेला थापट्या चपट्या चोचीनं पाण्याचा वरचा थर गाळत फिरतो. अधिवास सगळ्यांचा एकच, जगण्याच्या तऱ्हा पाच. प्रत्येकाच्या त्या तऱ्हेला, म्हणजे तो काय खातो, कुठं, कसं आणि कधी, याला निश म्हणतात. व्याख्या सांगण्याआधी एक प्रश्न टाक: तलावाचं पाणी उतरत गेलं तर आधी कोण जाईल आणि कुणाची चंगळ होईल? आधी जाणारा म्हणून पाणकावळ्याचं नाव घेणारं पोर व्याख्या विसरलं तरी मी त्याला पैकीच्या पैकी देईन.

ज्वारीचं शेत हा तर आख्खा धडा आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी उभी असते तेव्हा जा. पानाखाली मावा असतो. तो रस शोषतो आणि गोड चिकट द्रव टाकतो, तोच शेतकऱ्याचा चिकटा. त्या गोडव्यासाठी मुंग्या येतात आणि माव्यावर आलेल्या ढालकिड्यांना पिटाळतात. मुंगी आणि मावा, दोघांचा फायदा, म्हणून हे सहजीवन. याच्या शेजारी म्हशीमागून चालणारा गायबगळा ठेव. तिच्या पायांनी उडालेले किडे त्याला मिळतात, पण म्हशीचं त्यानं ना काही जातं ना येतं. ही सहभोजिता. तिच्याच कानातली गोचीड म्हणजे परोपजीवी. एका म्हशीवर दोन शब्द झाले.

परोपजीवी वनस्पतींत मात्र घाई करू नकोस. अमरवेल पिवळी, दिसण्यासारखी पानं नाहीत, सगळं आयतं घेते. आंब्यावरच्या बांडगुळाला हिरवी पानं असतात. ते अन्न स्वतः करतं, झाडाकडून पाणी आणि क्षार चोरतं. म्हणून ते अर्धपरोपजीवी. ज्वारीतला टारफुलाही दिसायला हिरवा आणि साधा, पण त्याची मुळं जमिनीखाली ज्वारीच्या मुळांना जाऊन चिकटलेली असतात. वरून बघणाऱ्याला ते नुसतं तण वाटतं. शेतकऱ्याच्या पोराला हे तुझ्याआधी ठाऊक असेल, तेव्हा त्यालाच उठून सांगू दे.

अन्नसाखळी काढताना बाण उलटा पडतो. खाणाऱ्याकडून खाद्याकडे नव्हे, खाद्याकडून खाणाऱ्याकडे. बाण ऊर्जेचा असतो, तोंडाचा नव्हे. अमेरिकेतल्या रेमंड लिंडेमन यांनी 1942 मध्ये एका तळ्यावरच्या कामातून हा ऊर्जेचा हिशेब मांडला. पुढं त्यातूनच ठोकळ नियम रूढ झाला की एका पायरीवरची साधारण 10 टक्के ऊर्जाच वरच्या पायरीवर पोचते. म्हणजे गवतात 1000 एकक असेल तर काळविटात 100 आणि लांडग्यात 10. नान्नजच्या माळावर काळविटांचे कळप दिसतात आणि लांडगा क्वचित, याचं पहिलं कारण हे गणित आहे. धनगरांची मेंढरं मध्ये आली की गणित गुंतागुंतीचं होतं, आणि तिथून साखळीचं जाळं होतं.

विघटकांपाशी परीक्षक सापळा लावतात. शेणाचा गोळा ढकलत नेणारा किडा आणि पालापाचोळा कुरतडणारी वाळवी हे विघटक नव्हेत. ते तुकडे करतात, खातात. शेवटचं काम बुरशी आणि जिवाणूंचं. वाळवीला तरी लाकूड कुठं पचतं? तिच्या पोटातले सूक्ष्मजीव पचवतात. तेही सहजीवनच.

आता माझ्या आवडीचं. परकी प्रजाती आणि आक्रमक प्रजाती या एकच, असं हल्ली सगळे धरून चालतात. पोरांना डब्यातली शेंगाचटणी बाहेर काढायला सांग. शेंग दक्षिण अमेरिकेतली, मिरचीही अमेरिकेतलीच. आपली सोलापूरची शान दोन्ही बाजूंनी परकी! पण भुईमूग शेत सोडून माळावर पसरत नाही. गाजरगवतही तिकडचंच, ते मात्र रस्त्याकडेला, पडीक रानात, शाळेच्या मैदानात कुणी न पेरता उगवतं आणि दुसऱ्याला उगवू देत नाही. वेडी बाभूळ आणि तळ्यातली जलपर्णी त्याच जातीच्या. उजनी धरणात चिलापी मासा आहे, तोही बाहेरचाच. पावसाळ्यात गाजरगवताची पानं नीट बघ, मळकट पांढऱ्या पाठीवर काळ्या रेघा असलेले छोटे भुंगेरे ती खाताना दिसतील. हा मेक्सिकोतला किडा 1984 मध्ये बंगळुरूत मुद्दाम सोडला गेला आणि पसरत इकडं आला. जैविक नियंत्रण म्हणजे हे. म्हणजे किडाही परकाच, हे पोरांनी स्वतःहून म्हटलं तर समज की धडा पोचला.

माळ म्हणजे उजाड जमीन नव्हे. हे तुला वर्गापेक्षा जास्त शिक्षकांच्या खोलीत सांगावं लागेल. पाच जूनला माळावर खड्डे खणून झाडं लावायची टूम निघाली की जरूर बोल. आपल्या कमी पावसाच्या, उथळ मुरमाच्या जमिनीवर कुसळी, पवन्या, मारवेल हीच मूळ वस्ती. चंडोल, धावीक, खोकड, लांडगा त्याच गवतावर जगतात. माळढोकाला तर चहूकडं लांबवर नजर जाईल असं मोकळं रान लागतं. त्याच्यासाठी 1979 मध्ये नान्नजचं अभयारण्य झालं, 8,496 चौरस किलोमीटरचं, गावंच्या गावं पोटात घेऊन. 2012 मध्ये ते 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. माळढोकाची मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते, त्यामुळं घटलेली संख्या भरून यायला फार काळ लागतो. त्याच्या नावानं राखलेल्या गवतात बाकीचे जीवही राखले जातात, म्हणून त्याला छत्रप्रजाती म्हणतात. पोरांना तो दिसेल असं आश्वासन देऊन नेऊ नकोस.

वाघाचं विचारतीलच. 2024 च्या अखेरीला यवतमाळकडच्या टिपेश्वरचा वाघ येडशी-बार्शी भागात आला, तेव्हापासून प्रत्येक वर्गात हा प्रश्न येतो. ‘सर, वाघाचं स्थलांतर झालं का?’ नाही. उजनीवर हिवाळ्यात येणारे पट्टकादंब उन्हाळ्याच्या तोंडाला परत हिमालयापलीकडं जातात, दरवर्षी. ते स्थलांतर. तरुण वाघ नवी हद्द शोधत पांगतो, त्याच्या येण्याला परतीची वाट ठरलेली नसते. ते पांगणं.

नान्नजला न्यायचं असेल तर वनखात्याला आधी कळव, हिवाळ्यात ने आणि सकाळी लवकर पोच. वाळलेली कुसळं कपड्यांत घुसतील, घुसू देत. शाळेत परतल्यावर एक कुसळ काढून पोरांच्या तळहातावर ठेव आणि त्याच्या लांब शेपटीवर पाण्याचा थेंब सोड. ती गरागरा पिळा सोडत फिरेल. पावसात ते बी असंच फिरत फिरत मातीत शिरतं. आधी काही सांगू नकोस. ते का फिरलं, हे पोरांनाच एकमेकांशी भांडून ठरवू दे, तास संपला तरी चालेल. आणि निघताना सगळ्यांना सुती पायजमा घालायला सांग, लोकरीच्या कपड्यांतून कुसळं निघत नाहीत, मग घरी आया तुझ्या नावानं शंख करतात.