कोच बदला! (एक गणिती अभ्यास)



२६ नोव्हेंबर २०२५ ला गुवाहाटीची टेस्ट भारत ४०८ धावांनी हरला. धावांच्या हिशोबाने तोपर्यंतचा आपला सर्वात मोठा पराभव. (त्याच्या आधीचा विक्रम ३४२ धावांचा होता आणि तोही आपल्या नागपूरचाच, २००४ चा, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. विदर्भाच्या नावावर काय काय जमा आहे बघा!) वर्षभरापूर्वी न्यूझीलंड घरात येऊन ०-३ ने हरवून गेली होती, आता दक्षिण आफ्रिका ०-२ ने. मग काय, त्या रात्री मेसमध्ये पोळ्या थंड झाल्या तरी चर्चा थांबेना. गौतम गंभीरला काढणार का? कधी काढणार? लक्ष्मणला आणणार की कोणी फॉरेनर? आमच्या टेबलावर सहा मुली होत्या आणि नावं आली आठ. एकीच्या मामाच्या मित्राला तर आतली बातमीसुद्धा होती!

मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. कोण येणार यावर सगळ्या भांडत होत्या, पण नवीन कोच आल्यावर टीम सुधारेल याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. ते जणू सिद्ध झालेलं प्रमेय. म्हणून या लेखात तेवढंच तपासायचं ठरवलं. लेखासाठी ‘प्रशिक्षक’ हा शब्द शोभून दिसला असता, पण बोलताना आपण सगळे कोचच म्हणतो, तेव्हा कोचच लिहिते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे मराठी कुठे इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या.

आधी एक प्रयोग. आपल्या होस्टेलच्या ३२ खोल्या म्हणजे ३२ टीम समजा. प्रत्येक खोलीने एक नाणं १० वेळा उडवायचं. छापा आला तर मॅच जिंकली, काटा आला तर हरली. झाला एक सीझन. सरासरी ५ विजय यायला हवेत, पण सगळ्यांना ५ येणार नाहीत हे उघड आहे. ३ किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता किती? बायनॉमियलचं सूत्र आठवा, तेच ते जे आपण परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो. १०२४ पैकी १ + १० + ४५ + १२० = १७६, म्हणजे सुमारे १७ टक्के. ३२ खोल्यांपैकी पाच-सहा खोल्यांचा सीझन असा भिकार जाणार.

आता त्या पाच-सहा खोल्यांनी आपापल्या ‘कोच’ला काढलं असं धरा. नवीन कोच आला, त्याने पहिल्या दिवशी भाषण दिलं, सकाळी पाचला उठवलं, आणि परत १० वेळा नाणं उडवलं. ज्या खोलीला आधी ३ विजय होते तिला आता त्याहून जास्त मिळण्याची शक्यता १०२४ पैकी ८४८, म्हणजे जवळपास ८३ टक्के! जिला २ च मिळाले होते तिची सुधारण्याची शक्यता तर साडेचौऱ्याण्णव टक्के. नाणं तेच, अंगठा तोच, कोच बिचारा काहीच करू शकत नाही. तरी पाच-सहापैकी चार-पाच नव्या कोचना हार मिळणार, आणि जुन्या कोचबद्दल मेसमध्ये म्हणणार, “तो गेला ते बरंच झालं बे!”

याला स्टॅटिस्टिक्समध्ये ‘रिग्रेशन टू द मीन’ म्हणतात. सरासरीकडे परत येणं. एकदम खाली गेलेली गोष्ट पुढच्या वेळी बहुतेक करून वर येते, कारण खाली जाण्यात नशिबाचा जो वाटा होता तो दर वेळी तसाच येत नाही. आणि कोच कधी बदलतात? टीम एकदम खाली गेल्यावरच! म्हणजे मोजायला सुरुवातच खड्ड्यातून करतात.

खरी टीम म्हणजे नाणं नव्हे, हे मान्य. तिथे कसब असतं, फिटनेस असतो, कोणाची बोटं मोडतात. म्हणून हे खऱ्या टीमवर कोणी तपासलंय का ते शोधलं. हॉलंडमध्ये बास टेर वील नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या फुटबॉल लीगचा १९८६ ते २००४ चा डेटा घेतला. सलग हरल्यावर मॅनेजरला काढलेले क्लब एका बाजूला, आणि तशाच हरलेल्या पण मॅनेजरला न काढलेल्या टीम दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूच्या सुधारल्या. दुसऱ्या बाजूच्याही जवळपास तेवढ्याच सुधारल्या. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल टीमचा हेड कोच बदलणार की नाही यावर आख्खी गावं महिनेच्या महिने अंदाज बांधतात (आपल्याकडे इलेक्शनच्या तिकिटाचं चालतं तसं). तिथे १९९७ ते २०१० च्या सीझनवर असाच अभ्यास झाला. अगदी तळाच्या टीमना कोच बदलून फारसा फरक पडला नाही, आणि मधल्या फळीतल्या टीमची तर उलट घसरण झाली. नवीन माणूस, नवीन पद्धत, आणि मुलं गोंधळलेली. कंट्रोल सिस्टिममध्ये इनपुट बदललं की आउटपुट आधी डुगडुगतं, तसं.

आपल्या घरातलं उदाहरण तर याहून ताजं आहे, आणि गुवाहाटीच्या फक्त २४ दिवस आधीचं. महिलांचा २०२५ चा वर्ल्ड कप. भारत दक्षिण आफ्रिकेकडून हरला, मग ऑस्ट्रेलियाकडून, मग १९ ऑक्टोबरला इंग्लंडकडून. सलग तीन. आमच्या कॉमन रूममध्ये त्या रात्री कोच अमोल मुजुमदार यांच्यावर जे बोललं गेलं ते इथे छापता येणार नाही. भारतासाठी एकही मॅच न खेळलेला माणूस काय शिकवणार, हा त्यातला सभ्य भाग. रणजीमध्ये मुंबईसाठी त्यांनी ढिगाने धावा काढल्या होत्या हे कोणाला माहीतच नव्हतं. त्यांना कोणी काढलं नाही. पुढे न्यूझीलंडला हरवलं, सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पार केल्या, जेमिमाने नाबाद १२७ केल्या, आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून कप घेतला. आता समजा, २० ऑक्टोबरला मुजुमदारांना काढून दुसऱ्या कोणाला आणलं असतं आणि हेच सगळं घडलं असतं. त्या दुसऱ्या माणसाचा पुतळा उभारला असता आपण!

मग कोचचा काहीच उपयोग नसतो का? इथे मला चंद्रकांत पंडित यांच्यावर थोडं जास्त लिहायचं आहे, कारण आपण बुलडाण्याचे म्हणजे विदर्भ क्रिकेटचेच, आणि या बाबतीत महाराष्ट्रातलं त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

पंडित मूळ मुंबईचे, भारताचे माजी विकेटकीपर. ते कोच असताना मुंबईने २०१५-१६ ची रणजी जिंकली. पुढच्या वर्षी मुंबई परत फायनलला गेली आणि इंदूरला गुजरातकडून हरली. एक कप आणि एक फायनल. तरी २०१७ मध्ये मुंबईने त्यांच्या जागी समीर दिघे यांना आणलं. पंडित नागपूरला आले, आणि १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने त्याच सीझनमध्ये पहिल्यांदा करंडक उचलला. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्ली ९ विकेटने हरली. ज्या मैदानावर पंडितांची मुंबई हरली होती तेच मैदान! त्या फायनलमध्ये हॅट्ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी सिव्हिल इंजिनिअर आहे, ही गोष्ट सबमिशनच्या काळात घरच्यांना जरूर सांगावी. अकोल्याच्या आदित्य ठाकरेने तर त्या फायनलमध्येच पदार्पण केलं. (नाव तेच, माणूस वेगळा.)

झालं, कोचमुळे जिंकलो! पण थांबा. आपलाच नियम आपल्यालाही लावून बघू. विदर्भ २०१४-१५ आणि २०१५-१६ या दोन्ही वर्षी क्वार्टरफायनलला गेला होता. २०१६-१७ ला तिथवर पोचला नाही. म्हणजे टीम आधीच वर चढत होती, मध्ये एक खड्डा आला, आणि नेमकं त्या खड्ड्यानंतर पंडित आले. काही प्रमाणात विदर्भ तसाही सुधारणारच होता. शिवाय वासिम जाफर त्यांच्या आधीपासून टीममध्ये होता, कॅप्टन फैज फजलने त्या सीझनला ९१२ धावा काढल्या, आणि हे दोघे काही पंडितांनी नागपूरला बरोबर आणलेले नव्हते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कोलकात्याची सेमीफायनल. कर्नाटकला विदर्भाने किती धावांनी हरवलं? पाच! दोन चौकार इकडे-तिकडे गेले असते तर ना फायनल, ना हॅट्ट्रिक, आणि मेसमध्ये आपण म्हणालो असतो, मुंबईवाला आणून काय फायदा झाला?

एका कपावरून कोच कळत नाही तो असा. पण पंडितांच्या बाबतीत पुढचा डेटा आहे. २०१८-१९ ला विदर्भाने नागपूरला सौराष्ट्राला हरवून परत रणजी जिंकली. जाफरने त्या सीझनला १०३७ धावा केल्या, फायनलला आदित्य सरवटेने ११ विकेट घेतल्या. मग २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशकडे गेले. मध्य प्रदेश रणजीच्या फायनलला त्याआधी एकदाच गेलं होतं, १९९८-९९ ला, बंगळूरला कर्नाटकविरुद्ध. तेव्हाचा कॅप्टन कोण? पंडितच. ती फायनल हरली. २३ वर्षांनी त्याच चिन्नास्वामी स्टेडियममध्ये, जून २०२२ ला, त्यांच्या मध्य प्रदेशने फायनल ६ विकेटने जिंकली, आणि समोर होती मुंबई! म्हणजे वेगवेगळ्या खेळाडूंच्या तीन टीम, कोच एक, कप चार. नाण्याच्या भरवशावर हे इतक्या वेळा जमणं अवघड आहे. कोचचा परिणाम मोजायचा असेल तर तो असा मोजावा. माणूस तोच ठेवून टीम बदलत जावी आणि काय उरतं ते बघावं.

तरी त्यातही एक पाचर आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पंडित कोलकाता नाईट रायडर्सचे हेड कोच झाले. आयपीएलमध्ये कोलकाता २०२३ ला सातवी, २०२४ ला पहिली, २०२५ ला आठवी. कोच तोच! २०२४ ला मेंटॉर म्हणून गंभीर होता, म्हणून सगळं श्रेय त्याला गेलं, आणि त्याच लाटेवर तो जुलै २०२४ ला भारताचा कोच झाला. जुलै २०२५ ला पंडितांनी कोलकाता सोडलं. गंभीरच्या हाताखाली भारताने मार्च २०२५ ला चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली आणि त्याच वर्षी गुवाहाटीही झाली. आता यातला परीस कोण आणि लोखंड कोण, सांगा. टी-ट्वेंटीत दोन षटकांत मॅच फिरते, म्हणून तिथे नाण्याचा वाटा जास्त. रणजीत चार-पाच दिवस खेळायचं असतं, तिथे कसब आणि शिस्त वर यायला वेळ मिळतो. हे माझं मत. कोणाला खोडायचं असेल तर रूमवर यावं, येताना कचोरी आणावी.

दुसऱ्या बाजूला मुंबई बघा. पंडितांनंतर २०१७ ते २०२३ मध्ये दिघे, विनायक सामंत, अमित पागनीस, रमेश पोवार, अमोल मुजुमदार आणि ओंकार साळवी, सहा कोच झाले. रणजी करंडक आला तो मार्च २०२४ ला, विदर्भाला हरवून, साळवी कोच असताना. ते सर्वात हुशार म्हणून आला असेल, किंवा ज्या टीमने आजवर ४२ वेळा रणजी जिंकलीय तिचा नंबर कधी ना कधी लागणारच होता म्हणूनही. मधले पाच जण वाईट होते असं यावरून म्हणता येत नाही. त्यांच्या वाट्याला मोजण्याइतके सीझनच आले नाहीत! आणि विदर्भ? पंडित गेल्यावर संपला का? २०२३-२४ ला फायनल, २०२४-२५ ला केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसरा करंडक, तोही विदर्भाकडून खेळलेल्या उस्मान गनी यांच्या हाताखाली.

२००७ चं तर विसरूच नका. ग्रेग चॅपेल वर्ल्ड कपनंतर एप्रिलमध्ये गेले, हेड कोचची खुर्ची रिकामी, आणि लालचंद राजपूत यांना फक्त मॅनेजर म्हणून पाठवलं. सप्टेंबरला धोनीची टीम टी-ट्वेंटी वर्ल्ड कप घेऊन आली.

मग मेसमध्ये बोलायचंच नाही का? बोलायचं! अंदाज बांधण्यात मजा आहे, आणि मला ती सोडायची नाही. पण कोण येणार हा अंदाज आणि आल्यावर काय होणार हा अंदाज, हे दोन वेगळे आहेत. पहिल्यासाठी टीमचा स्कोअर कमी आणि कागद जास्त बघावा. कॉन्ट्रॅक्ट कधी संपतं, निर्णय कोण घेतं, कॅप्टनचं आणि कोचचं जमतं का. २०१७ ला अनिल कुंबळे यांनी राजीनामा दिला तेव्हा टीम चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल खेळून बसली होती, खेळ वाईट नव्हताच. वाद कॅप्टनशी होता, आणि वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. दुसऱ्यासाठी दोन-तीन सीझन थांबण्याची तयारी हवी. ‘सूत्रांकडून’ आलेली बातमी तारखेसकट वहीत लिहून ठेवा. आमच्या टेबलावर अशी वही सुरू झाली आहे, आणि मामाच्या मित्राचं खातं सध्या बरंच उधारीत आहे.

आपल्या कॉलेजच्या टीमलाही हेच लागू होतं बरं का. इंटरकॉलेजिएटमध्ये दोन मॅच गेल्या की सरांना बदला म्हणून सह्या गोळा करणारे दर वर्षी निघतात. सह्या करण्याआधी निदान १० वेळा नाणं उडवून बघा.

ज्यांना सी येतं त्यांच्यासाठी एक गणित. नाणं साठ-चाळीस करा, म्हणजे टीम खरोखरच चांगली आहे, १० पैकी सरासरी ६ मॅच जिंकते. तरी एखाद्या सीझनला ती ३ किंवा कमीच जिंकेल, याची शक्यता काढा. रँड फंक्शन वापरून दहा हजार सीझन चालवले तरी उत्तर साडेपाच टक्क्यांच्या आसपास येईल, म्हणजे साधारण अठरा सीझनमध्ये एकदा. नंतर त्याच प्रोग्राममध्ये ‘३ किंवा कमी आले की कोच बदल’ अशी एक ओळ घाला, आणि पुढच्या सीझनची सरासरी कोच बदललेल्यांची किती येते आणि न बदललेल्यांची किती, ते छापून बघा.