‘वेताळ’ : उसने नाव, उसना देह

ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला ‘फँटम’ ही व्यक्ती नव्हे, ते एक पद आहे. कथेनुसार १५३६ मध्ये पहिल्या फँटमने पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतली. तीच शपथ घेत पुढे प्रत्येक पुत्राने पित्याचा मुखवटा, पोशाख आणि अंगठ्या स्वीकारल्या. फॉक यांचा प्रमुख नायक या वंशातील एकविसावा. सतराव्याची बहीण ज्युली हिनेही काही काळ भावाच्या जागी हा पोशाख चढविला. वारसाहक्क मात्र पुत्राकडेच राहिला. मोजके आप्त वगळता अरण्यवासी त्याला चार शतके जगलेला एकच पुरुष मानतात. वाचकाला वंशावळ ठाऊक, पात्रांना नाही. कथेतील नाट्य या अंतरातून उद्भवते. (एका गोऱ्या घराण्याचा दरारा स्थानिकांच्या अज्ञानावर पोसला जातो, हेही दृष्टीआड करता येत नाही.)

१९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या मराठी आवृत्तीने त्याला ‘वेताळ’ म्हटले. नाव चटकन रुळले, पण अर्थदृष्ट्या ते उलटे आहे. वेताळपंचविशीतील वेताळ परक्या प्रेतात वसतो; तेथे अमानुषत्व खरे, देह उसना. येथे देह खरे, मर्त्य, एकामागून एक संपणारे. उसने आहे ते नाव. परिणामी इंग्रजी वाचकाला जी अरण्यवासीयांची भाबडी समजूत वाटते, ती मराठी वाचकाच्या हाती नायकाच्या नावातूनच, जणू वस्तुस्थिती म्हणून येते.