कच्चा कैदी म्हणजे कोण? पाच जणांना विचारून या
(नागरिकशास्त्र : इयत्ता नववी व दहावी)



मागे एकदा दहावीच्या वर्गात मी विचारले होते, "तुरुंगात कोण असतात?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "गुन्हेगार!" एक मुलगा तेवढा खाली मान घालून बसला होता. त्याचा मामा तेव्हा तुरुंगात होता आणि खटला सुरूही झाला नव्हता, हे मला पुढे कळले. प्रश्न नीट विचारला नाही ही चूक माझी. या अंकातला पाठ त्यातूनच निघाला आहे.

ज्याच्यावर आरोप आहे, पण न्यायालयाने ज्याला अजून दोषी ठरवलेले नाही, अशा बंद्याला मराठीत कच्चा कैदी म्हणतात. इकडच्या हिंदी वर्तमानपत्रांत 'विचाराधीन बंदी' असे छापून येते, तो हाच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांत तीन! वर्गाने दिलेले उत्तर किती चुकले ते पाहा.

आता तुमचे काम. शेजारपाजारच्या पाच मोठ्या माणसांना पुढचे प्रश्न विचारायचे. आजोबा, भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले काका, असे वेगवेगळे लोक निवडा. पाचही वकील नकोत.

पहिला प्रश्न : अटक झालेल्या माणसाला किती वेळात दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते? (प्रवासाचा वेळ सोडून २४ तास. राज्यघटनेचे कलम २२.)

दुसरा : कच्च्या कैद्याला वकील ठेवायला पैसे नसतील तर? (१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मागता येतो, मिळकत कितीही असो. दूरध्वनी १५१००.)

तिसरा : जामीनदार मिळाला नाही तर माणूस तुरुंगातच राहणार का?

या तिसऱ्या प्रश्नावर जरा थांबू, कारण त्याची गोष्ट आपल्याच राज्यातली आहे. मोतीराम नावाचा एक गरीब गवंडी होता. त्याला जामिनावर सोडावे असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला होता. पण खाली दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारले. प्रकरण पुन्हा दिल्लीला गेले. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी मोतीरामला स्वतःच्या एक हजाराच्या मुचलक्यावर सोडायला सांगितले. दक्षिणेतला माणूस दूर परप्रांतात पकडला गेला तर तिथला जामीनदार त्याने कुठून आणायचा, असेही त्यांनी विचारले. परप्रांतात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको.

यालाच जातमुचलका म्हणतात. इथे 'जात' म्हणजे स्वतः. जातिपातीशी त्याचा संबंध नाही. (दरवर्षी कुणीतरी विचारतेच.) तारखेला हजर राहीन असे स्वतः लिहून द्यायचे, जामीनदार नाही. ठरल्या दिवशी ठाण्यात हजेरी, पारपत्र जमा करणे, किंवा अटक न करता नोटीस देऊन बोलावणे, हेही तुरुंगाऐवजीचे मार्ग आहेत.

चौथा प्रश्न : खटला लांबला तर सुटकेचा काही नियम आहे का? (आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढलेल्या, पूर्वी कधी दोषी न ठरलेल्या कैद्याला मुचलक्यावर सोडायचे. इतरांसाठी ही मुदत निम्मी. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले यात येत नाहीत. मुदत भरली की न्यायालयाला कळवण्याचे काम तुरुंग अधीक्षकाचे आहे.)

कंसातली उत्तरे तुमच्यासाठी आहेत. पाचही प्रश्न संपेपर्यंत ती सांगू नका, नाहीतर पुढची उत्तरे तुमचीच येतील. "गरिबाला जामीन मिळायला हवा ना?" असेही विचारू नका, समोरचा सौजन्याने 'हो' म्हणेल आणि कागदावर काहीच उरणार नाही. "माहीत नाही" हेसुद्धा उत्तरच आहे, ते तसेच लिहा.

पाचवा प्रश्न मताचा : कच्चा कैदी सुटून गल्लीत परत आला, तर त्याला कामावर ठेवाल का? इथे घाई करू नका. माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवा.

कुणाचेही नाव कागदावर नको. फक्त वय आणि व्यवसाय. "तुमच्या घरातले कुणी आत गेले होते का?" हे तर मुळीच विचारायचे नाही. कुणी आपणहून सांगितले तर ऐकून घ्या, पण लिहू नका आणि वर्गातही बोलू नका.

कागद पुढच्या शनिवारपर्यंत माझ्याकडे द्यावेत. हिंदीत मिळालेली उत्तरे हिंदीतच असू द्यात.